ह्याचा धूर कुठं जातो?

"वास येत नाही म्हणता? मग तर बघायलाच हवं," असं म्हणून काका मान तिरकी करून उभे राहायचे. समोर गॅसची नळी असो, दुधाचा डबा असो, नाहीतर गोड बोलणारा माणूस असो. आखातातल्या अल ऐन शहरात आमच्या शेजारच्या व्हिलात मागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे. घरचे सगळे कोल्हापूरकडे, आणि हे इथे एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचे. खालचा थर पाहिल्याशिवाय त्यांनी कधी खजुराचं खोकं घेतलं नाही. 'ऑफर'ची पाटी दिसली की ते दुकानच टाळायचे. असा एखादा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल.

संशयात मीही काही मागे नव्हते. आमच्या गॅरेजमध्ये दर शनिवारी सकाळी मी मराठी मुलांचा वर्ग घेते. नेमके त्याच वेळी काका दोन घरांमधल्या बोळात खुर्ची टाकून चहा पीत बसायचे. बोळावर त्यांनी वाळू अडवायला पत्रा टाकला होता. हा माणूस कान देऊन काय ऐकतो? पालकांच्या गाड्या कशाला न्याहाळतो? हे घरमालकाकडे चुगली करणार आणि वर्ग बंद पाडणार, असं मी मनाशी पक्कं धरून चालले होते.

इथे जानेवारीत सकाळी चांगलीच हुडहुडी भरते. मुलं "टीचर, इट्स फ्रीझिंग" म्हणत जॅकेटात हात खुपसून बसायची. विजेचा हीटर लावला की गॅरेजची लाइटच जायची. थंडी संपेपर्यंत मुलांना पाठवणार नाही, असं दोन पालकांनी सांगून टाकलं. एकदा मोडलेला वर्ग पुन्हा भरत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून भारतात परत निघालेल्या एका कुटुंबाकडून मी चाकांचा गॅस हीटर आणला. सिलिंडर त्याच्या पोटातच.

शुक्रवारी संध्याकाळी तो लावून पाहत होते. शटरच्या कडा, खिडकीच्या फटी, सगळं स्पंज आणि टेप लावून आम्ही केव्हाच बंद केलेलं. वाळूच्या वाऱ्यापायी इथे घरोघरी तेच करतात. काका न बोलावता आत आले.

"ताई, ह्याचा धूर कुठं जातो?"

"धूर येतच नाही, काका."

"दिसत नाही म्हणा. खोली ही अशी डबीसारखी बंद. आत ज्योत जळणार, हवा खाणार, आणि जो विषारी गॅस तयार होतो त्याला ना रंग ना वास. पोरं पेंगायला लागली, तर तुम्ही म्हणाल मराठीचा तास आहे म्हणून पेंगतात!"

मला रागच आला. माझ्या तासाला मुलं पेंगतात हे ह्यांना कोणी सांगितलं? पण हात मात्र आपोआप बटणाकडे गेला. हीटर बंद केला आणि शटर पार वर ढकललं.

"यल्ला, चला, उद्या वर्ग सुटला की सनैयात जाऊन बघू," काका म्हणाले. सनैया म्हणजे इथली कारखान्यांची आणि वर्कशॉपची वस्ती. तिथल्या केरळी दुकानदाराने एकेक चकचकीत हीटर पुढे केला.

"सर, ये सब लोग लेके जाता है."

"लेके जाता है, ठीक है. बाद में कोई बताने आया, कैसा है?"

शेवटी काकांनी भिंतीत बसवायचा एक हीटर निवडला. त्याची नळी भिंतीतून आरपार जायची. ज्योतीला लागणारी हवा बाहेरून घ्यायची आणि धूर बाहेरच टाकायचा. खोलीतल्या हवेला तो हात लावत नव्हता. काकांनी नळीत बोट घालून ती आतून दुहेरी असल्याची खात्री करून घेतली.

"ह्यांचं इथे कमिशन असणार," मी बरोबर आलेल्या नवऱ्याच्या कानाशी म्हटलं.

"अगं, मदत करतायत."

"फुकट? आणि आखातात?"

नळी काढायला बोळाच्या बाजूची भिंत तेवढी मोकळी होती. दोनच दिवसांनी बोळात मालक उभा दिसला आणि काका आमच्या गॅरेजकडे हात करून त्याला काहीतरी समजावत होते. झाली चुगली! मी पदर खोचूनच बाहेर गेले.

"मुश्किल नहीं मदाम, होल करो," मालक हसून म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला.

काका भिंत फोडायची परवानगी मागत होते. आणि बोळावरचा पत्रा खाली उतरवून ठेवलेला होता.

"पत्रा का काढलात?"

"वर झाकण असलं तर धूर बोळातच कोंडणार, माझ्या खिडकीतून आत शिरणार. भोक उघड्या टोकाला पाडू. तरी खिडकी मी बंदच ठेवणार. भरवसा कशाचा?"

"आणि तुमची खुर्ची?"

"धुरात कोण बसतंय?" ते जरा घुटमळले. "ती निळ्या जॅकेटवाली पोरगी आहे ना, ती 'बाळ' म्हणायच्या ऐवजी 'बाल' म्हणते. तुम्ही तशाच पुढं जाता."

म्हणजे शनिवारी बोळात बसून हा माणूस मुलांच्या कविता ऐकत होता! मला भरून आलं, आणि मग रागही आला. सरळ सांगायला काय झालं होतं?

"शनिवारपासून आत येऊन बसा," मी दरडावलंच.

ते यायला लागले. कविता मध्येच थांबवून ज्योत निळी आहे ना ते पाहायचे. विषारी गॅस झाला तर ओरडणारा एक भोंगाही त्यांनी भिंतीवर लावला आणि मग त्याच्यावरही संशय घेऊन दर वेळी बटण दाबून तो वाजवून बघायचे. मुलं कानांवर हात ठेवून खिदळायची. त्या थंडीत वर्गात सगळ्यात नियमित कोण होतं, तर काका.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा कारखाना दुसरीकडे हलला आणि ते कायमचे गावी गेले. त्यांच्या खोल्यांत नवं जोडपं आलं.

ह्या जानेवारीत एका शनिवारी हीटर लावून वर्ग रंगात आला होता. बोळातून ठोकाठोकीचा आवाज आला. मी आधी हीटर बंद केला, शटर उघडलं, मुलांना अंगणात काढलं आणि मग बोळात धावले. दोन कामगार शिडीवर चढून नवा पत्रा बसवत होते.

"ये मत लगाइए," मी शेजारणीला म्हटलं. "नीचे हमारे हीटर का धुआँ निकलता है."

तिने बोळाकडे पाहिलं, वर पाहिलं. "कहाँ है धुआँ? मुझे तो कुछ नहीं दिखता."

"दिखता नहीं, इसीलिए बोल रही हूँ. ऊपर बंद किया तो आपके ही घर में जाएगा."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ही बाई आपल्या बोळात का शिरली, गॅरेजमध्ये एवढी मुलं कशाला जमवते, सगळे प्रश्न तिच्या तोंडावर लिहिलेले होते. "मैं मालिक से बात करती हूँ," असं म्हणून ती फोन आणायला आत गेली.

काका, तुम्ही इथे हवे होतात. मी शिडीची खालची पायरी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि कामगारांना म्हटलं, "पहले नीचे उतरो."