काका, राहू द्या

समोर राहायला आलेल्यांचं लोखंडी कपाट आज जिन्यात अडकलं. मी सवयीने बाह्या सरसावून पुढे झालो, तर त्यांचा मुलगा मवाळपणे म्हणाला, "काका, राहू द्या. तुम्ही नुसतं दार धरा."

दार धरून उभा राहिलो आणि वडील आठवले. लेचापेचा, नेभळट, पुळचट, शेळपट. गव्हाचं पोतं उचलताना माझे पाय लटपटले की त्यांना दर वेळी नवा शब्द सुचायचा. मी चिडायचो आणि दातओठ खात पुन्हा पोत्याला हात घालायचो. मला ते जमेल, हे त्या शब्दांनी गृहीत धरलेलं असायचं.

'राहू द्या' ऐकून चिडताही येत नाही.

कपाट कधीच वर गेलं. मी अजून दार धरून उभा आहे. सोडा म्हणायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.