बॅगेतलं पाण्याचं पिस्तूल

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तरचा. परदेशात, जुरोंग ईस्टला मुलाच्या कॉन्डोत, म्हणजे उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहत होतो. त्या सुट्टीत अमेरिकेहून लेक आली, नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन. जावई तिकडचाच, काळा माणूस, स्वभावानं सोनं. नातू बापाच्या रंगावर गेलाय.

खाली पोहण्याच्या तलावावर सगळी पोरं पाण्याच्या पिस्तुलांनी खेळत होती. मी मॉलमधून नातवाला एक आणलं, चांगलं काळं, वजनदार. त्यानं हात मागं बांधले.

"आजोबा, मला अलाउड नाही."

"आजा कुणाला भीत नाही, आणि तू पाण्याला भितोस?"

तो हसला नाही. लेकीनं मला बाजूला घेतलं. "बाबा, गोऱ्यांची पोरं तिकडं असली खेळणी घेऊन अंगणात पळतात. याच्या हातात दिसलं तर लोक आधी रंग बघतील, खेळणं नंतर."

"शिकून भित्री झालीस तू."

मी चौथी शिकलेला, पण हट्टाला पक्का. दुपारी तिचं लक्ष नसताना ते पिस्तूल नातवाच्या बॅगेत कपड्यांखाली सारलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं.

संध्याकाळी जेवताना सुनेनं सहज विचारलं, "शाळेत शेजारी कोण बसतं रे?"

"आता कुणी नाही," नातू भात कालवत म्हणाला. "तो मेला. त्याच्या भावाला सोफ्याखाली खरी गन सापडली होती."

लेक म्हणाली, "आमच्या भागात हे पहिलं नाही. नदीपलीकडं गोऱ्यांच्या शाळेत झालं असतं तर आठवडाभर टीव्हीवर आलं असतं."

माणसाआधी जात बघणारे डोळे मी गावात लहानपणी सोसलेत. पण त्या लोकांच्या हातात बंदूक नव्हती. नातू तिकडं विमानतळावरून घरी पोचलाय, बॅग उघडतोय, ते काळं पिस्तूल हातात घेऊन दारात येतोय, हेच दिसायला लागलं. उठून बघितलं तर बॅगेला कुलूप, किल्ली लेकीच्या पर्समध्ये. सांगायचं म्हणजे तिच्यापुढं मान खाली घालायची.

सकाळी टॅक्सी यायच्या आधी मी लेकीला म्हणालो, "पोरी, कुलूप काढ. मी चुकलो." पिस्तूल तिच्या हातात दिलं. तिनं बॅग बंद केली, ती मी पुन्हा उघडायला लावली आणि एकेक कपडा झटकून बघितला.