चाऊसचाचांची अरबी तबकडी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. शेंद्र्याच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करतो. आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी ढिलं झालंय, एवढंच माझं तत्त्वज्ञान. तरी हे लिहितोय…

सुटीच्या दिवशी मी जुन्या तबकड्यांवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. मागच्या उन्हाळ्यात रोशनगेटचे चाऊसचाचा आले. निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांच्या घराण्यातले. उशीच्या खोळीत गुंडाळून एकच अरबी तबकडी आणलेली.

"बेगम गेली तवापासून लावली नाय, बेटा. आता कान चाललेत. डॉक्टर म्हणतो, थोडेच दिवस. त्याच्या आत एकदा साफ ऐकव."

तबकडी धुतली, सुई टेकवली. सुरुवातीपासूनच ठक्… ठक्… तडा असेल म्हणून बॅटरी लावून पाहिलं — साधा ओरखडा नाही. शिवाय तड्याचा आवाज दर फेऱ्याला येतो. हा मात्र गाणारा थांबला की थांबायचा, त्याने सूर उचलला की परत सुरू. गाणं संपल्यावरच्या रिकाम्या जागेत दोनदा टण्… टण्. मी फार डोकं लावलं नाही. सॉफ्टवेअरने सगळे ठोके पुसले आणि स्वतःवरच खूश झालो.

चाचांनी हेडफोन लावला. ऐकता ऐकता चेहरा उतरला.

"गाना वहीच है… पर घर सूना कायकू लगरा?"

मी न पुसलेली फाईल लावली. पहिल्याच ठोक्याला त्यांनी डोळे मिटले.

"ये तो बेगम का हावनदस्ता! दुपारी गाणं लावायची अन् त्याच ठेक्यावर खलबत्त्यात कॉफीच्या बिया कुटायची. कुटून झालं की बत्ता खलाच्या कडेवर दोनदा आपटायची. मग कहव्याचा कप हातात."

टण्… टण्. चाचांनी डोळे न उघडताच हात पुढे केला.

तबकडी कंपनीत छापलेली, चाचांच्या घरातला आवाज तिच्यात येईल कुठून? माझ्याकडे माईक नसतोच, सुईची वायर थेट कॉम्प्युटरला. त्याच दुपारी पुन्हा उतरवून पाहिली — गाणं तेच, ठोका एकही नाही. जाणकारांना विचारलं, सगळे खांदे उडवतात.

चाचांना आता काहीच ऐकू येत नाही. तरी रोज दुपारी ती ठोक्यांची फाईल लावायला लावतात. त्यांची सून सांगते, शेवटचं टण् टण् झालं की हात बरोबर पुढे येतो. ती त्यात कप ठेवते.