चावीचं चांदीचं टोपण

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेवराईत माझ्या पत्र्याच्या शेडपुढं गाड्यांची रांग लागायची. दसऱ्याला गाडी धुवायची म्हणजे नुसती वरून पुसून भागत नसे. बॉनेट उघडून, पाण्याचा पाइप आत सोडून इंजिनाला पार अंघोळ घालायची. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. आणि दुसऱ्या दिवशी सेल्फ मारला की गाडी मुकी. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, सगळ्यांचं एकच दुखणं आणि माझ्याकडं एकच औषध. कनेक्शनं सोडायची, फुंकायची, पुसून उन्हात ठेवायची, परत जोडायची. "पाणी गेलंय," हे त्या आठवड्यात मी इतक्यांदा बोलायचो की पुढं पुढं गाडीकडं न बघताच बोलायला लागलो.

मी मूळचा चंद्रपूरकडचा. आठवी अर्ध्यात सोडली आणि ट्रकच्या वायरिंगचं काम शिकत, या गावाहून त्या गावाला करत, इतक्या लांब येऊन पडलो. गेवराईत मला ओळखणारं कुणी नव्हतं. आडतीचं दुकान असलेल्या एका लिंगायत आप्पांनी त्यांच्या गोदामाच्या कडेला जागा दिली. जात विचारली नाही, कागद मागितला नाही. "शेड टाक, काम कर, खोटं बोलू नकोस," एवढंच म्हणाले. पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या घरून पंधरा दिवस डबा आला. डबा घेऊन यायचा त्यांचा ड्रायव्हर. मी जेवेपर्यंत दारात उकिडवा बसायचा आणि मला तिथली बोली शिकवायचा. "'का' म्हणायचं न्हाई वायरमन, 'कावून' म्हणायचं. न्हाईतर लोक तुमाला मास्तर समजत्याल."

मला मास्तर समजतील! ऐकून मी आठवडाभर खूश होतो.

तो उमापूरचा, धनगराघरचा. अकरा वर्षं त्यानं आप्पांची जीप चालवली होती. मग आप्पांनी जीप विकली आणि औरंगाबादहून पांढरी नवीकोरी कार आणली. त्या काळात अशा गाड्या नुकत्याच हायवेवर दिसायला लागल्या होत्या. सगळ्यांनी बघितली म्हणून मीही बॉनेट उघडून बघितलं. आत ओळखीचं काहीच दिसेना. काळे बंद डबे आणि त्यात शिरणाऱ्या बोटभर जाड वायरींच्या जुड्या. "लई भारी हाय," म्हणालो आणि हळूच बॉनेट लावलं. उपकार झालेल्या माणसाला एक भीती असते. आपल्याला फारसं येत नाही हे ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी ही जागा जाईल, असं मला रोज कुलूप काढताना वाटायचं.

त्या वर्षी दसऱ्याला आप्पांनी एक हौस केली. स्वतःच्या गळ्यातल्या लिंगाची डबी ज्या सोनारानं घडवली होती, त्याच्याकडूनच गाडीच्या चावीला चांदीचं टोपण करून घेतलं. चावीचं काळं डोकं पूर्ण आत जाईल असं, वर नंदी कोरलेला. सकाळी सोनारानं ते घट्ट बसवून दिलं. चावी देव्हाऱ्यात ठेवून पूजा झाली, चावीला विभूती लागली, गाडीला नारळ फुटला. तिथून परळीला वैजनाथाच्या दर्शनाला निघायचं होतं, वाटेत तेलगावहून लेकीला घ्यायचं होतं. सगळे गाडीत बसले. ड्रायव्हरनं चावी फिरवली. इंजिन पेटलं आणि लगेच बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

ऐन दसऱ्याला, पूजा करून, सगळ्या पेठेसमोर. आप्पांचा चेहरा उतरला. मला हाक गेली.

मी फ्यूज बघितले, बॅटरी बघितली. मीटरपाशी चावीच्या आकाराचा एक बारका लाल दिवा लुकलुकत होता. "ह्यो कशाचा?" ड्रायव्हरनं विचारलं. मला माहीत नव्हतं. "दार नीट लागलं नसेल," मी म्हणालो. चारही दारं उघडून लावली. दिवा लुकलुकतच राहिला. एव्हाना भोवती वीसेक माणसं जमली होती, आणि आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"पाणी गेलंय," मी म्हणालो. "धुताना वायरिंगमध्ये पाणी गेलंय, आप्पा."

"बॉनेट उघडलंच न्हाई म्या," ड्रायव्हर म्हणाला. "नवी गाडी, वरून फडक्यानं पुसली निस्ती."

"मग पाणी काय उडी मारून आत गेलं रे?" आप्पा कडाडले.

ड्रायव्हर चावीकडं बघत, हळू आवाजात बोलला, "आप्पा, राग येऊ देऊ नका. काल सांजपातूर ह्या चावीला टोपण नव्हतं, तवर गाडी चालत होती. एकडाव काढून बघायचं का?"

दुसरी चावी पुण्याला शिकणाऱ्या मुलाकडं होती. म्हणजे बघायचं तर टोपणच काढावं लागणार. पूजेतली चांदी, वर नंदी, आणि तीही दसऱ्याला उचकटायची! आप्पांच्या कपाळावरची आठी मला दिसली. माझं निदान उलटं पडेल, हे मला त्याहून जास्त दिसलं. मी त्यानंच शिकवलेल्या बोलीत मोठ्यानं म्हणालो, "चांदीनं गाडी बंद पडती व्हय? मग पैंजण घातलेल्या बाया कशा चालत्यात?"

लोक जे हसले! आप्पासुद्धा हसले. मीही हसलो, आणि मला वाटलं, सुटलो.

आप्पांनी ड्रायव्हरला काढून टाकलं नव्हतं. पाणी त्यानंच घातलं असं धरून "आठ दिवस येऊ नकोस," एवढंच म्हणाले होते. पण पेठेत माझी ओळ पसरली. तो चहाच्या गाड्यावर दिसला की कुणी ना कुणी म्हणायचं, "काय पाव्हणं, पैंजण काढून बघितलं का?" पानवाला म्हणायचा, कंडक्टर म्हणायचा. तिसऱ्या दिवशी तो माझ्या शेडसमोरून बसस्टँडकडं गेला. पिशवी हातात होती. मी एका ट्रॅक्टरच्या डायनामोत डोकं घातलं होतं. ते वर काढलं नाही.

पाचव्या दिवशी औरंगाबादहून शोरूमचा माणूस आला. तोवर मी अर्धं वायरिंग सोडून, वाळवून, जसंच्या तसं जोडलं होतं. त्यानं बॉनेटला हातही लावला नाही. लाल दिवा बघितला, चावी हातात घेतली आणि विचारलं, "हे काय घातलंय?"

"देवाचं हाय," आप्पा म्हणाले.

"पाच मिनिटांसाठी काढू का? परत बसवून देतो."

आप्पांनी मान हलवली. त्यानं पातळ पेचकसानं टोपण सैल करून काढलं, चावी फिरवली. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. मग त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. चावीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा असतो. चावी जिथं घालतो तिथं भोवती एक कडं असतं. ते त्या तुकड्याला विचारतं, तू आमच्यातलाच ना? त्यानं ओळख दिली तर गाडी चालू राहते. मध्ये चांदी आली की ओळख पोचत नाही. गाडीला वाटतं, चावी परक्याची आहे, चोर आहे. तो लाल दिवा तेच सांगत होता.

आप्पा हातातल्या टोपणाकडं बघत उभे राहिले. "त्यानं तर त्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, "त्याला घेऊन ये. तूच जा."

"उद्या जातो," मी म्हणालो.

उमापूरची बस माझ्या शेडसमोरूनच जायची. रोज जायची. एके दिवशी ट्रॅक्टर होता, एके दिवशी पाऊस झाला, एके दिवशी माझंच अंग दुखत होतं. सगळी कारणं खरी होती. आप्पांनी दोनदा विचारलं, दोनदा मी उद्या म्हणालो. बारा दिवसांनी गेलो.

त्याचे वडील गावाबाहेर मेंढरांपाशी बसले होते, हातात लोकर कातायची चाती. मी वायरिंगवाला, गेवराईचा, असं सांगितलं. "हां हां, वायरमन," ते म्हणाले. "बसा. पोरगं न्हाई. परवाच ट्रकवर गेलं. सुरतंकडं गेलंय म्हणं, कवा यील ते काय सांगावं."

परवा. तीन दिवस आधी निघालो असतो तरी तो भेटला असता.

मी त्यांना सगळं सांगितलं. टोपण, तांदळाएवढा तुकडा, शोरूमचा माणूस, आप्पांनी परत बोलावलंय, त्याची काही चूक नव्हती, तोच बरोबर होता. माझ्या हसण्याचं तेवढं सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं, तिथंच थांबलं. म्हातारा चाती फिरवत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "ते पैंजणाचं बोलणं तुमचंच ना?"

मी मान खाली घातली.

"चांगलं होतं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "त्यानं घरी येऊन सांगितलं तवा आमी बी हासलो. म्हातारी हासली, बारकी हासली. त्यो तेवढा हासला न्हाई." मग त्यानं विचारलं, "पर तुमी कावून हासलात? तुमाला तर ठावं होतं ना गाडीतलं?"

"नव्हतं ठावं, मामा," मी म्हणालो.

हे मी दसऱ्याच्या दिवशी त्या वीस माणसांत म्हणायला हवं होतं. तिथं, मेंढरांत, ऐकायला एक म्हातारा होता. त्यानं चाती खाली ठेवली, मला तांब्याभर ताक दिलं आणि मी पिऊन होईस्तोवर तो माझ्यासमोर उकिडवा बसून राहिला.