तुरटीत बुडवलेला घेर

लंकाबाईंविषयी आमच्या सावेडीत एक मत आहे: बाई शिवते छान, पण जरा घाबरट आहे. हे मत साफ चूक आहे आणि मला ते खोडून काढायचं आहे. घाबरट बाई जामखेडकडच्या खेड्यातून नवऱ्यामागे शहरात येऊन, तो गेल्यावर एका मशिनीवर पोरगा वाढवत नाही.

त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. वर्षभर ब्लाउज, फॉल-पिको, आणि दिवाळी झाली की शाळांच्या गॅदरिंगचे कपडे. कोळी नाच, शेतकरी नाच, राजस्थानी घागरे, सगळं स्वतः शिवायचं आणि भाड्यानं द्यायचं. दोरीवर तीस वर्षांपूर्वीचे फुग्याच्या बाह्यांचे फ्रॉकही आहेत. कॉलेजच्या मुली हल्ली ते फोटो काढायला नेतात. व्हिंटेज म्हणतात त्याला. "आमी जुनेरं म्हनायचो," लंकाबाई म्हणतात. "पन पोरी जपून वापरत्यात, मंग काय म्हनायचं ते म्हनू द्या."

गेल्या नोव्हेंबरात त्या मोबाईलमधला एक फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांची नात संस्कृती सहावीत आहे. तिच्या शाळेचे नाच बसवणारे पार्थ सर यंदा आठ मुलींचा बॅले करणार होते. फोटोत पांढरा टुटू होता. कंबरेपासून थाळीसारखा आडवा उभा राहिलेला तो घेर.

"बाई, ह्या छत्रीचं पोट कशानं उभं ऱ्हातं?"

मी कॉलेजात इतिहास शिकवला आहे आणि कपड्यांच्या इतिहासावरची पुस्तकं माझ्याकडे आहेत, एवढ्यावर त्यांचा माझ्यावर विश्वास. मी पुस्तक काढलं. दोनशे वर्षांपूर्वी हा घेर पोटरीच्या खाली यायचा, पातळ पांढऱ्या मलमलीचा. मग पायांचं काम प्रेक्षकांना दिसावं म्हणून तो गुडघ्यापर्यंत आला, आणि शेवटी थरावर थर चढवून पार आडवा झाला.

"मंजे नाचनारीच्या पायाची कदर केली. बरं हाय," असं म्हणून त्यांनी चित्रातले थर बोटानं मोजले.

इथं मी थांबायला हवं होतं. पण अर्धी गोष्ट सांगून थांबणं मला जमत नाही. त्या काळी रंगमंचावर गॅसचे दिवे असत. नाचताना घेर दिव्याला लागायचा आणि मुली पेटायच्या. त्यावर तोड निघाली होती: तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात कापड बुडवून वाळवलं की ते भडकत नसे. पण ते कडक व्हायचं, पिवळट दिसायचं. पॅरिसच्या एका तरुण नर्तकीनं चक्क लिहून दिलं की असला घेर मी घालणार नाही. तालमीत ती पेटली. आठ महिने अंथरुणावर काढून गेली.

लंकाबाई फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "आमच्या पोरींच्या हातात पनत्या हायत."

"सेलच्या ना?"

"न्हाई. तेलवातीच्या. दोन तळव्यांवर दोन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी माझ्या मागच्या पायरीवर टुटूला लागणाऱ्या नायलॉनच्या नेटची एक पट्टी पेटत्या काडीवर धरली. नायलॉन कागदासारखं भुरुभुरु जळत नाही. ते आकसतं, वितळतं, आणि त्याचे पेटते थेंब खाली पडतात. पायरीवर पडलेला थेंब लंकाबाईंनी सुरीनं खरवडला, तरी डाग राहिला.

"मांडीला चिकटलं तर कातडं घिऊनच निघंल," त्या म्हणाल्या.

नेट त्यांनी तुरटीत बुडवून पाहिलं. वाळल्यावर तुरटी पिठासारखी झडून गेली. मलमलीनं मात्र ती धरून ठेवली. जाळ लावला की कड काळी पडायची आणि आपोआप विझायची. दोन दिवस खपून लंकाबाईंनी मलमलीचा आठ थरांचा टुटू शिवला आणि शाळेत नेला. मी बरोबर होते.

पार्थ सर वाईट मुलगा नाही. त्यानं तो घेर हातात धरून नीट पाहिला. "आजी, शिवण झकास आहे. पण हा खाली बसतोय हो. आणि व्हिडिओत मळका दिसेल."

"मंग पनत्या सेलच्या घ्या. म्या आनून देते."

"त्यांची ज्योत हलत नाही, आजी. आम्ही स्टेजवर पूर्ण अंधार करणार, तिथं तेवढीच तर मजा आहे." मग तो हसून म्हणाला, "इतकी वर्षं पणत्यांचा नाच होतोय, कधी काही झालंय का?"

काही झालेलं नसतंच. मी मुख्याध्यापिकांकडे गेले, आवाज चढवला. त्यांनी चहा पाजला आणि स्टेजजवळ वाळूच्या दोन बादल्या ठेवण्याचं कबूल केलं. बादल्या ठेवल्या होत्या, हे खरं आहे. पालकांनी त्यांत चहाचे कप टाकले.

लंकाबाईंनी नेटचे टुटू शिवायला नकार दिला. शाळेनं ते ऑनलाइन मागवले, आठही. संस्कृतीला तरी नाचातून काढ, असं त्यांनी सुनेला विनवलं. सून निकिता दिवसभर मेडिकलच्या दुकानात उभी असते. ती दमून म्हणाली, "आई, तिला एकटीला काढलं तर पोरगी वर्षभर माझ्याशी बोलायची नाही. आणि सगळ्यांच्या आयांना कळत नाही, फक्त तुम्हालाच कळतं का?"

गॅदरिंगला लंकाबाई विंगेत स्टुलावर बसल्या, मांडीवर ओलं गोणपाट घेऊन. साडी भिजली, थंडीनं ओठ काळेनिळे पडले. नाच सुंदर झाला, मला खोटं बोलता येत नाही. अंधारात सोळा ज्योती, आणि त्यांच्यावर तरंगणारे पांढरे घेर. काही झालं नाही. संस्कृती विंगेत आली आणि म्हणाली, "आजी, सगळ्या हसत होत्या तुझं पोतं बघून."

त्यानंतर दोन शाळांनी कपड्यांसाठी दुसरी माणसं पाहिली. शुभ कामात बाई अभद्र बोलते, असं कुणीतरी पसरवलं. लंकाबाईंना त्याचं फार वाटलं नाही. त्यांना वाटलं, एकदाचा नाच तर पार पडला.

पण नाच आवडला होता. शाळेनं तो पारनेरच्या आंतरशालेय स्पर्धेत घातला. बसमध्ये प्रत्येक मुलीमागे एकच पालक, म्हणजे निकिता. लंकाबाईंनी रात्रीतून संस्कृतीसाठी सुती चोळणा शिवला, घोट्यापर्यंतचा, आत घालायला. निदान वितळलेलं नायलॉन अंगाला चिकटू नये. सकाळी पोरगी तो घालून निघाली. बस सुटायच्या आधी खिडकीतून तिनं तो गुंडाळून आजीच्या हातात दिला. "हे दिसतं गं खालून."

त्या तशाच माझ्याकडे आल्या आणि ओट्यावर बसल्या. चार वाजता मुलींचा नंबर होता. मी चहा केला, तो निवला.

"बाई, त्या फ्रान्सातल्या बायांनी शेवटी ऐकलं का?"

धीर द्यायला खोटं बोलावं, असं क्षणभर वाटलं. "नाही," मी म्हणाले. "कुणाचं फारसं ऐकलं नाही. पुढे गॅसचे दिवे गेले, विजेचे आले. तेव्हा कुठे हे कमी झालं."

"मंजे दिवाच बदलावा लागला."

"हो."

"त्योच तर बदलंनात."

पावणेसहाला निकिताचा फोन आला. मागे मुलींचा गलका. पहिला नंबर. पुढची फेरी पुण्याला, फेब्रुवारीत.

"तिचे हातपाय नीट हायत का?" लंकाबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही पण ना," म्हणत निकितानं फोन ठेवला.

लंकाबाई लगेच निकिताचा नंबर लावायला लागल्या. फेब्रुवारीतली नेमकी तारीख त्यांना विचारायची होती.