आईची मिस्सा आणि गच्चीवरची छत्री

देवाच्या दारातच माणूस पडला, तर त्याने तक्रार कोणाकडे करायची? इकडे कानडी मुलुखात, के. आर. पुरममध्ये, आमच्या चर्चच्या पायरीवरून मी घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला, तोही नेमका आईच्या पहिल्या वर्षाच्या मिस्सेच्या तोंडावर. आम्ही मूळचे वसईचे ख्रिस्ती. गेलेल्या माणसासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लावली, की फादर वेदीवरून त्याचं नाव घेतात, आणि ते आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय आमच्या जिवाला स्वस्थता नसते. इथल्या कॅथलिक चॅनलवर रविवारची मिस्सा दाखवतात, म्हणून त्याच मिस्सेत मी आईचं नाव दिलं आणि निर्धास्त झाले. रविवारी टीव्ही लावला, तर चॅनल गायब! ह्यांनी मला न विचारता केबल काढून क्रिकेटसाठी डिश बसवली होती, आणि ते चॅनल फक्त केबलवर येत होतं. देवावर मी रुसलेच होते, आता ह्यांच्याशीही अबोला धरला.

ह्यांची सारी नोकरी सरकारी कारखान्यात रडार बनवण्यात गेली. त्यामुळे डिशची छत्री फिरवली की चॅनल येणारच, असा ह्यांचा ठाम विश्वास. गच्चीवर चढून तिथून ओरडायला लागले, "आलं का?" अबोला बाजूला ठेवून मीही ओरडले, "नाही! त्या नंबरावर कुणीतरी भजी तळतंय!" "आता?" "अजून भजीच!" मिस्सेची वेळ झाली तसं मला रडू फुटलं. आईचं नाव आता तिकडे घेतलं जाणार आणि ऐकायला मी नाही.

आरडाओरडा ऐकून समोरच्या सुमित्राअक्का धावत आल्या. त्या निपाणीच्या, लिंगायत. घरात कुणीतरी पडलं, असंच त्यांना वाटलं होतं. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"एवढंच की! आमच्या केबलावर येतंय ते. माझ्या सीरियलच्या शेजारचंच चॅनल. स्वल्प थांबा, अक्का."

आणि मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी निघाले. एका बाजूला हे, एका बाजूला वॉचमनअण्णा, पुढे अक्का दारं उघडत. उत्सवात मूर्ती मिरवतात तशी माझी वरात निघाली, फक्त मूर्ती कुरकुर करत नाही. पोचलो तेव्हा सुरुवातीची नावं वाचून झाली होती. मी जपमाळ मुठीत धरून डोळे मिटले. म्हटलं, देवा, जाऊ दे, तुझी मर्जी. अक्कांनी टीव्हीसमोर उदबत्ती लावली. पडद्यावरची माणसं उभी राहिली की त्याही उभ्या राहत, आपल्या सासूबाईंनाही उठवत. आणि वेदीवरच्या प्रार्थनेत फादरनी मृतांची आठवण केली, तेव्हा आईचं नाव पुन्हा आलं. अगदी स्वच्छ, पूर्ण नाव. मी हमसून हमसून रडले.

थोड्या वेळाने फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. आमच्याकडे तेव्हा शेजारच्याला हात जोडतात. हे माझ्याकडे वळले, कपाळावर गच्चीवरची धूळ तशीच, आणि त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. मीही हात जोडले. मग आम्ही दोघांनी अक्कांना आणि सासूबाईंना हात जोडले.

सासूबाई गडबडल्या. "अय्यो, निघालात? कॉफी घेतल्याशिवाय कसं जाल?"

फादरचा आशीर्वाद आम्ही हातात कॉफीचे पेले धरून घेतला. देवाने मला क्षमा केलीच असणार, कारण कॉफी फार चांगली होती. माझ्या रुसव्याला न जुमानता त्याने मला उचलून जिथे न्यायचं तिथे नेलं, एवढं मात्र मला कळलं.

प्लास्टर केव्हाच निघालं. तरी टीव्हीवर मिस्सा सुरू झाली की दर रविवारी अक्का दार वाजवतात, "बन्नी, या लवकर, सुरू झालं!" आणि चर्चमधून सकाळची मिस्सा करून आलेले आम्ही दोघं मुकाट्याने पुन्हा मिस्सेला जातो. परवा मुलीने दाखवलं, की ते चॅनल मोबाइलवरही फुकट दिसतं. हे मी अक्कांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.