चार पणजोबा

वसुधा आठवड्यातून तीन दिवस मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका ग्रंथालयात बिनपगारी काम करायची. तिथल्या तळघरात वंशावळींची खोली होती. लोक आपले पूर्वज शोधायला येत, आणि ज्यांचे डोळे मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे टिकत नसत त्यांच्यासाठी वसुधा रिळं फिरवायची. मुलगा राजीव कॉलेजला गेला, घर सुनं झालं, म्हणून तिने हे धरलं होतं. चार वर्षांत मान आखडली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. तिचा नवरा गुरुदत्त म्हणायचा, एवढे कष्ट महाराष्ट्र मंडळासाठी केले असतेस तर एव्हाना अध्यक्ष झाली असतीस. मंडळाच्या गणपतीला दीडशे माणसांचा मसालेभात दरवर्षी कोण करतं, हे ती त्याला विचारत नसे. विचारायचाही कंटाळा येई.

१९८४च्या नोव्हेंबरात हेलन ब्रूअर नावाच्या बाई आल्या. वय ब्याऐंशी, हातात काठी, ओठांवर नीट लावलेली लिपस्टिक. त्यांना पणजोबा हवे होते. ते अमेरिकेच्या यादवी युद्धात लढले, एक पाय गमावून घरी आले आणि हेलनबाईंच्या जन्माआधीच वारले. घरात त्यांना नुसतं 'पाय गेलेले आजोबा' म्हणत, त्यामुळे नाव कुणी सांगितलंच नव्हतं. गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत, कुंपणालगत त्यांना पुरलं होतं. वरची लाकडी फळी कधीच कुजून गेली होती. सैनिकाचं नाव आणि पलटण कागदोपत्री सिद्ध झाली, तर अशा कबरीवर सरकार फुकट दगड देतं. हेलनबाईंचं घर विकायला काढलं होतं, जूनमध्ये मुलगा त्यांना ॲरिझोनाला नेणार होता. त्याआधी तो दगड उभा राहिलेला त्यांना पाहायचा होता.

वसुधाने नेहमीचा कागद पुढे ओढला. लग्नाआधीचं आडनाव विचारलं. हेलनबाई म्हणाल्या, व्हिटकॉम. वसुधाने लिहून घेतलं आणि कामाला लागली.

हेलनबाईंचे वडील व्हिटकॉम, त्यांचे वडील व्हिटकॉम, त्यांचेही वडील सापडले. पण युद्ध सुरू झालं तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते, पिठाची गिरणी चालवत होते आणि दोन्ही पायांनी शेवटपर्यंत धडधाकट होते. वसुधाला वाटलं, आपण चुकीचा माणूस धरला. तिने त्यांचे भाऊ पाहिले, चुलत भाऊ पाहिले, मग मिशिगनच्या सगळ्या पलटणींच्या याद्यांतले सगळे व्हिटकॉम. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. बर्फ पडलं की बस उशिरा यायची, आणि ती घरी पोचून कोट न काढताच कुकर लावायची. हेलनबाई दर बुधवारी येत, शेजारी बसून राहत. पणजोबा नाही मिळाले, हे ऐकून नुसती मान हलवत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या सहज सांगू लागल्या. ल्यूसीला म्हणे लहानपणी रोज एकच मोजा धुवावा लागायचा, आणि दोरीवर एकच मोजा पाहून शेजारच्या मुली हसायच्या.

"ल्यूसी कोण?" वसुधाने विचारलं.

"माझी आजी. आईची आई. हे तिचेच वडील ना."

वसुधाने यंत्राचा दांडा सोडला. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू माझं माहेरचं नाव विचारलंस," हेलनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, अशीच पद्धत असेल. तुला यातलं कळतं."

ल्यूसीच्या लग्नाची नोंद काउंटीच्या रजिस्टरात होती. वडिलांचं नाव एमॉस किंबॉल. पुढची पलटणीची नोंद, जखमेची नोंद, सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

त्या संध्याकाळी तिने गुरुदत्तला सांगितलं, की पाच महिने ती भलत्याच घरात शोधत होती.

"अगं, पण म्हातारीने सांगायला नको?" तो म्हणाला.

"मी विचारायला नको? माणसाला पणजोबा चार असतात. मी एकच धरून बसले."

तो पेपर वाचायला लागला. वसुधा भांडी घासत उभी राहिली. गुरुदत्तच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती दोन वर्षांपूर्वी निघाली तेव्हा पुण्याहून आलेला फॉर्म तिनेच भरला होता. घरातले सगळे फॉर्म तीच भरायची. मुलग्यांना एकेक ओळ, मुलींना सगळ्यांना मिळून एक. तिच्या वडिलांच्या घराण्याच्या पुस्तकात तर वडिलांच्या नावापुढे 'तीन मुली' एवढंच छापलं होतं आणि शाखा तिथे संपली होती. तिने ते वाचलं होतं, आणि पान उलटलं होतं. तिला त्यात कधी काही खटकलं नव्हतं, म्हणूनच तळघरातही खटकलं नाही.

अर्ज दुसऱ्या दिवशीच गेला. दगड उतरवून घ्यायला पत्ता लागतो. हेलनबाईंचं घर विकलं गेलं होतं, म्हणून वसुधाने आपला दिला. मे संपला. तिने दोनदा फोन केले, दोन्ही वेळा उत्तर आलं की काम सुरू आहे. आठ जूनला हेलनबाई ॲरिझोनाला गेल्या. जाताना त्यांनी तिला दोष दिला नाही, आणि तेच तिला जड गेलं.

दगड आला जुलैच्या मध्यावर. ट्रकवाल्याने खोका गॅरेजच्या अगदी तोंडाशी ठेवला आणि सही घेऊन निघून गेला. दोनशे तीस पौंड. दफनभूमीचा माणूस तीन दिवसांनी येणार होता.

"आता मी गाडी कुठून काढू?" गुरुदत्त दारात किल्ल्या घेऊन उभा.

"काढा कुठूनही," वसुधा म्हणाली आणि ॲरिझोनाला फोन लावला.

मुलाने सांगितलं, आई हल्ली फारशी उठत नाही. तरी थोड्या वेळाने हेलनबाई फोनवर आल्या.

"उभा केला का गं?"

"नाही. आमच्या दारात आडवा आहे. मी फळ्या उचकटून पाहिला."

"मग वाच."

वसुधाने पाकिटावर उतरवून घेतलेलं वाचलं. एमॉस किंबॉल. कंपनी एफ. मिशिगन पायदळ.

"ल्यूसीचं नाव आहे?"

"नाही. सरकार फक्त सैनिकाचंच घालतं."

मग हेलनबाई म्हणाल्या, "पुन्हा वाच. सावकाश."

बाहेर गुरुदत्तने गाडी हिरवळीवरून वळवली. चाकांखाली तिचा पुदिना गेला. वसुधा खुर्चीत बसली, चष्मा नाकावर सारखा केला आणि पहिल्या अक्षरापासून वाचू लागली.